माडघोळात बाळ कोणावरच जात नाही

खा आधी. तोंडातला घास गिळ, पाणी पी, मग विचार काय विचारायचं ते. अगो, घाबरलीस होय? कुणी मारलं नाही तुला, तवसोळीच तर कोंबली तोंडात. गूळ जरा कमी पडलाय, मला ठाऊक आहे, पण ते माझ्या सुनेला सांगू नकोस. सकाळपासून राबतेय बिचारी.

मी बाळाची पणजी. येसूआजी म्हणतात मला. तू माझ्या नातवाबरोबर नोकरीला आहेस ना? मग त्याने तुला आधी सांगायला हवं होतं. तू पाळण्यात डोकावलीस आणि म्हणालीस, ‘अय्या, नाक तर अगदी बाबांचं!’ आमच्या माडघोळात हे चालत नाही. बाळ कोणावर गेलंय, रंग कोणाचा, हसतंय कोणासारखं, यातलं काही म्हणजे काही बोलायचं नाही. कुणी बोललंच, तर जवळ असेल त्या बाईने त्याच्या तोंडात तवसोळी कोंबायची. म्हणून बारशाला बाकी काही करा न करा, तवसोळी हवीच. मोठं तवसं, म्हणजे जून काकडी, किसायचं, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून टोपात ओतायचं, टोपाखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. मागे एक डॉक्टर पाहुणे आले होते. ते ‘आईवर’ एवढंच म्हणाले, तर त्यांचा चष्मासुद्धा गुळाने माखला.

असं का, ते सांगते. पण आधीच बजावते, गोष्ट सरळ नाही. मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि अजून माझ्या डोक्यात तिचा गुंताच आहे.

फार पूर्वी, म्हणे, आमच्या खालच्या वाडीत दोन भाऊ एकत्र नांदत होते. त्यांची नावं विचारू नकोस, कुणालाच आठवत नाहीत. बायकांची आठवतात. थोरली आवडी, धाकटी द्वारकी. दोघी एकाच दिवशी बाळंत झाल्या, दोघींना मुलगे. आवडीचा पहिलाच. द्वारकीची आधीची दोन पाळण्यातच गेली होती. सासूने तिला सांगून ठेवलं होतं, हे तिसरंही जगलं नाही तर तुला माहेरी पोचवीन आणि मुलाला दुसरी करीन. नुसतं बोलणं नव्हतं ते. दुसरी मुलगी बघूनही ठेवली होती, असं सांगतात.

बाळंत होताच द्वारकीला ताप भरला. शुद्धच नव्हती तिला. तिचं पोरही आवडीनेच अंगावर पाजलं. बाळंतिणीची खोली म्हणजे तेव्हा काय, काळोख आणि शेगडीचा धूर. आत कुणी डोकावत नसे. कोणतं पोर कोणाचं, हे एकट्या आवडीला ठाऊक. खूण म्हणून तिने द्वारकीच्या बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता.

बाराव्या दिवशी दोघांचं बारसं एकदमच करायचं ठरलं. द्वारकीचा ताप उतरला होता, तिला धरून धरून बाहेर आणून बसवली. पोरांची आत्या सासरहून आली, ती एकाच जुन्या लुगड्याची दोन दुपटी शिवून घेऊन. टाक्याला टाका सारखा. भारी हौस बाईला! न्हाऊ घालताना तो काळा दोरा सुटला, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि दोन्ही पोरं त्या दुपट्यांत गुंडाळली. रीतीप्रमाणे वरवंटाही गुंडाळला, उरलेल्या लुगड्यात.

तू आत्ता बघितलंस ना, बारशाला बायका काय करतात? एकीने पाळण्याखालून द्यायचं, दुसरीने वरून घ्यायचं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. एक बाळ असलं तरी तारांबळ उडते. तिथे तर दोन पाळणे, दोन बाळं आणि वर हा वरवंटा. आणि नेमका तेवढ्यात पडवीतून ओरडा झाला, आग, आग! तवसोळीच्या झाकणावरचा निखारा गवताच्या छपराला लागला होता.

झाली पळापळ. जिच्या हातात जे होतं ते घेऊन ती अंगणात धावली. तिथेही पोरं या हातातून त्या हातात, कारण प्रत्येकीला पाणी ओढायला जायचं होतं. आग विझली, कुणाला भाजलं नाही. आत्या मात्र छातीशी दुपटं कवटाळून रडत होती, ‘मी वाचवलं गो बाळाला!’ उलगडून बघतात तर वरवंटा. सगळ्या हसून हसून बेजार झाल्या. मग हसू ओसरलं आणि कुणीतरी विचारलं, यातलं थोरलीचं कोणतं?

एक म्हणाली हे. दुसरी म्हणाली छे, ते. तिसरी म्हणाली मी स्वतः द्वारकीचं घेऊन धावले, पण आता ते कुणाकडे दिलं ते आठवत नाही. आवडीचे डोळे धुराने सुजले होते. ती म्हणाली, उद्या उजेडात बघून सांगते. नावं ठेवायची तशीच राहिली आणि बायका आपापल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडीने दोन्ही बाळांना अंगणात तेल लावलं. चांगलं ऊन होतं, आणि बारा दिवस दोघांना सांभाळलेले हात तिचेच. बोलली मात्र काही नाही. दुपारी एका बाळाला धाप लागली. धुराने म्हण, कशाने म्हण, दिवस मावळायच्या आत ते गेलं.

सासू दारात येऊन उभी राहिली. ‘आवडे, कोणाचं गेलं?’

द्वारकी भिंतीला टेकून बसली होती. आपलं गेलं की जावेचं, तेच तिला कळेना. रडायचं तरी कोणासाठी? तोंड उघडावं तर आपणच आपल्या पोराला मेलं म्हटल्यासारखं होईल. आवडीच्या मांडीवर गेलेलं बाळ होतं आणि खांद्यावर जिवंत. तिने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, मग द्वारकीकडे, आणि म्हणाली, ‘मला नाही ओळखू येत.’

सासूने शपथा घातल्या, शिव्या दिल्या, तिला जेवायला दिलं नाही, म्हणे. बाई तेच एक बोलत राहिली. आता माहेरी पाठवायची कोणाला? द्वारकीला पाठवावी आणि जगलेलं पोर तिचंच निघालं तर? सासूचं डोकं चालेना. वाट बघून त्या दुसऱ्या मुलीच्या बापाने तिला भलतीकडे देऊन टाकली, आणि द्वारकी घरात राहिली.

आवडीला खरंच कळलं नव्हतं का, असं आता तू विचारणार. अगो, तेच तर! आमची खालची वाडी म्हणते, गेलं ते द्वारकीचं होतं. जावेचा संसार मोडू नये म्हणून आवडीने आपल्या पोटच्या पोरातला अर्धा वाटा देऊन टाकला, देवीच होती ती. वरची वाडी म्हणते, कसली देवी! गेलं ते आवडीचंच, आणि रिकाम्या मांडीने राहवेना म्हणून तिने जावेचं पोर अर्धं लाटलं. लग्नाकार्यात दोन्ही वाड्या एकत्र जेवायला बसल्या की अजून यावरून वाजतं. माझं माहेर वरच्या वाडीत आणि सासर खालच्या. माझी काय अवस्था असेल बघ. सकाळी एक पटतं, संध्याकाळी दुसरं.

राहिलेल्या पोराला आवडी रवळू म्हणायची, द्वारकी भानू. तो दोन्ही नावांना ओ द्यायचा. तुझी आई कोणती विचारलं, की त्या वेळी जी वाढत असेल तिच्याकडे बोट दाखवायचा. घरात त्याचं काही अडत नव्हतं. गावाला मात्र राहवेना. तो हसला की एक म्हणायची आवडीवर गेलाय, दुसरी म्हणायची डोळे बघा, द्वारकीचे. असं कुणी बोललं की दोघी जावांचे हात काम करता करता थांबायचे. त्या दिवशी दोघींनाही अन्न गोड लागायचं नाही, आणि दोघी एकमेकींशी धड बोलायच्याही नाहीत.

वर्षं गेली. सासू गेली, मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं. मग आवडी अंथरुणाला खिळली. तिला तवसोळी खावीशी वाटली. त्या आगीनंतर घरात तवसोळी कुणी केली नव्हती, पण द्वारकीने केली आणि भर दुपारी ताट घेऊन तिच्याजवळ बसली. आवडीने तिचं मनगट धरलं.

‘द्वारके, सांगून टाकते आता. त्या सकाळी उन्हात मी बघितलं होतं. आपला मुलगा...’

पुढचा शब्द निघायच्या आत द्वारकीने तिच्या तोंडात घास कोंबला.

‘नको, आक्का. इतकी वर्षं तो माझा अर्धा आहे. तू सांगितलंस तर एक तर पुरा माझा होईल, नाही तर काहीच उरायचं नाही. तुझंही तसंच. अर्धाच राहू दे.’

आवडी घास चघळत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. तो गिळला आणि पुढच्या घासासाठी तिने तोंड उघडलं. त्याच आठवड्यात गेली. मुलाने डोकं भादरलं आणि आई गेली म्हणून रडला. पुढे द्वारकी गेली तेव्हाही भादरलं, आणि तेव्हाही आई गेली म्हणूनच रडला. मला बाकी काही ठरवता येत नाही बघ, पण हे ऐकलं की मला वाटतं, जाऊ दे, कशाला ठरवायचं.

तेव्हापासून ही रीत पडली, असं सांगतात. आजही आमच्याकडे बारशाला आई आणि चुलती मांडीला मांडी लावून, पदर पसरून बसतात. पाहुण्याने बाळ घ्यायचं, ओवाळायचं आणि दोघींपैकी एकीच्या ओटीत परत द्यायचं. कुणाच्या, ते कुणी सांगत नाही. चुकलं तरी सांगत नाहीत. तू तर आज पहिल्यांदाच आलीस, तुला कुठून ठाऊक असणार? चल, हात पूस. त्या दोघी बसल्यात बघ तुझी वाट बघत.