ओतारणीच्या फुटक्या घंटांची कहाणी

ऐका बायांनो. अक्षता मुठीत घ्या, वाती बाजूला ठेवा, आणि पोरींनो, ती खुसखुस पुरे करा. आटपाट नगराच्या वेशीला लागून एक ओतारी राहत होता. त्याचं नाव रवळोजी, बायकोचं नाव येसू. घंटा ओतायच्या हा पिढीजात धंदा. देवीच्या देवळात घंटा द्यायचा मान त्यांच्याच घराचा. पण भट्टीकडे बघून बघून रवळोजीचे डोळे गेले. आता ओतायचं कुणी? मग येसू पदर खोचून उभी राहिली.

त्या साली देवीची जुनी घंटा तडकली. देवळाचा मानकरी आला, म्हणाला, नवरात्राचे घट बसतील तेव्हा नवी घंटा वाजली पाहिजे. नाही वाजली तर मान दुसऱ्या घरी जाईल. आणि मान गेला की ओताऱ्यानं गाव सोडायचं, अशी तिथली रीत. येसू हो म्हणाली.

मग तिनं माती मळली, मेण चढवलं, साचा केला, कासं ओतलं. साचा फोडून बघते, तर घंटेला ही एवढी चीर. आता ओताऱ्यांत असं मानतात, की फुटकी घंटा घरात ठेवली तर घर फुटतं. येसूनं ती पदराखाली घेतली आणि परसातल्या उकिरड्यात पुरली. नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, अजून ओतलीच नाही. खोटं बोलली हो बाई. हसू नका, करपलेली भाकरी गुपचूप गाईला घालून मोकळ्या होणाऱ्या आपणच की.

दुसऱ्या दिवशी दारात एक म्हातारी आली. म्हणाली, माये, घरात काही बिघडलेलं असेल तर वाढ. येसू म्हणाली, आमच्या घरी काही बिघडत नाही. म्हातारी गेली. मग येसूनं दुसरी घंटा ओतली. तिला भोकं भोकं पडली. तीही उकिरड्यात गेली. म्हातारी आली, तेच मागणं, तेच उत्तर. मग तिसरी ओतली. ती दिसायला साजरी, पण वाजवली तर खापरासारखी खडखडली. येसू ती घेऊन उकिरड्यापाशी बसली आणि पोटभर रडली.

वर बघते, तर म्हातारी उभी. येसू म्हणाली, आजी, बिघडलेलं हवं होतं ना? या तीन घंटा न्या, आणि मलाही न्या. म्हातारी म्हणाली, मला नकोत त्या, ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडे ने. तोच एक वसा आहे. येसूनं वसा मागितला.

"वसा सोपा नाही. लाजशील, लपवशील, अर्ध्यात टाकशील."

"लाजणार नाही, लपवणार नाही, अर्ध्यात टाकणार नाही."

मग म्हातारीनं सांगितलं. बिघडलेली वस्तू धुवावी, पाटावर ठेवावी, हळदकुंकू वाहावं. जाणत्यापुढे बसावं, माझ्या हातून बिघडलं म्हणावं, कुठं ते विचारावं. सांगेल ते ऐकावं आणि पुन्हा करायला घ्यावं. एवढं बोलून म्हातारी कुठं गेली ते दिसलं नाही. कोण होती ते तुम्हाला कळलंच असेल.

मग येसूनं घंटा उकरल्या, धुतल्या, पाट मांडला, नवऱ्याला हाताला धरून आणून बसवलं. म्हणाली, अहो, या माझ्या हातून बिघडल्या, कुठं ते सांगा. रवळोजी बोटं फिरवू लागला. पहिलीला म्हणाला, साचा उन्हात वाळवलास, सावलीत वाळवायचा. दुसरीला म्हणाला, घाई केलीस, माती आत ओली होती. तिसरीवर त्याचं बोट एका जागी अडलं. म्हणाला, इथं जोड आहे, ओतताना हात मध्येच थांबला. का थांबलीस?

"भ्याले. हीपण बिघडेल म्हणून."

रवळोजीनं तिचा हात हातात घेतला. हातावर भाजल्याचे फोड होते. म्हणाला, "तू परसात रडायचीस ते मला ऐकू येत होतं. आज सांगेल, उद्या सांगेल म्हणून वाट बघत होतो. अग, मला सांगायला माझे बाबा होते, तुला मी आहे ना?" मग दोघंही रडली. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी एवढं मोकळं रडलं.

वसा घेतला, आता चौथी साधली असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? नाही साधली. साच्यातलं वारं निघून जायला वाट ठेवली नव्हती, म्हणून घंटेचा कान, म्हणजे टांगायची कडी, भरलाच नाही. येसूनं तीही पाटावर ठेवली, विचारलं, ऐकलं. मग पाचवी करायला घेतली. साचा सावलीत वाळवला, दमानं वाळवला, वाऱ्याला वाट ठेवली. ओतताना भीती वाटली, पण धार तोडली नाही.

घट बसले, घंटा टांगली, टोल दिला. नाद वेशीपर्यंत गेला. मानकरी खूश झाला, सगळ्यांदेखत म्हणाला, शाबास, पहिल्या झटक्यात साधली. येसूला वाटलं, हो म्हणावं आणि घरी जावं. काय बिघडणार होतं? पण मग ती पुढं झाली. म्हणाली, "पहिली नाही, ही पाचवी. चार माझ्या हातून बिघडल्या." मानकऱ्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं विचारलं, कशानं बिघडल्या? येसूनं चारही चुका एकामागून एक सांगितल्या. मानकऱ्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, मान याच घरी राहील, आणि आजपासून येसूच्या नावानं राहील.

मग नगरातल्या बायकांनी तो वसा घेतला. कुणी विस्कटलेलं विणकाम आणलं, कुणी नासलेलं विरजण आणलं, कुणी उसवलेली चोळी आणली. एक सासू मात्र रिकाम्या हातानं आली. सुनेला एकदा ती फार वाईट बोलली होती. सुनेसमोर बसली आणि म्हणाली, माझ्या हातून बिघडलं, बाळ, कुठं ते सांग. सुनेनं सांगितलं. सासूनं ऐकलं.

जशी देवी येसूला पावली, त्या सासूसुनेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. साठा उत्तरांची ही कहाणी मी पाचा उत्तरांत सांगितली. ऐकणारीला सुफळ, सांगणारीला सुफळ, इथं संपूर्ण.