धाकोजीची टोपी

आपल्या आज्याच्या आज्यालाही जी गोष्ट जुनी वाटायची, ती ही. तेव्हा मधेच कुणी उठू नका.

कोंढरपूर शहराला तेव्हा सात वेशी होत्या, आणि चैत्रातल्या जत्रेला तिथं टोप्यांची मिरवणूक निघायची. त्या दिवशी बोडक्या डोक्यानं कुणी फिरायचं नाही. पागोटी, मुंडाशी, फेटे, तान्ह्या बाळांच्या कुंच्या, झाडून सगळं बाहेर यायचं. बैलांच्या शिंगांवरसुद्धा टोप्या चढायच्या. सगळ्यांच्या पुढं घोड्यावर पाटील, आणि पाटलांच्या डोईवर ज्याच्या हातचं काम, तो घोड्याशेजारी. वीस वर्षं ती जागा धाकोजी पगडबंदाची होती.

त्याच्या भिंतीला खुंट्या होत्या आणि खुंटीखुंटीला दोरी. डोक्याभोवती दोरी फिरवायची, जुळेल तिथं गाठ मारायची. अख्ख्या शहराची डोकी त्या भिंतीवर टांगलेली होती म्हणा ना.

मग शिंपी आळीत साळूबाई राहायला आली. नवरा गेलेला, पदरी काही नाही. चिंध्या जोडून टोप्या शिवायची, पण टोपी अशी की घालणारा दोनदा आरशात बघायचा. पाटलांनी ती बघितली आणि म्हणाले, "यंदा साळूबाईची टोपी."

धाकोजीच्या पोटात दुखायला लागलं. बायकोला म्हणाला, "चिंध्या चढणार पाटलांच्या डोक्यावर? माझी वीस वर्षं काय उंदरांनी खाल्ली?"

"दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही तुम्हाला," बायको म्हणाली.

"नाही बघवत," धाकोजी म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

असं म्हणतात, त्या दिवसापासून त्याचं डोकं वाढायला लागलं. सकाळी पागोटं घट्ट व्हायचं, मग स्वतःच्या दोरीवर तो पुढं नवी गाठ मारायचा. बघता बघता पाच गाठी झाल्या.

एका दुपारी साळूबाई दारात उभी. बाईमाणसानं पाटलांच्या डोक्याला दोरी लावू नये अशी रीत होती. "दादा, पाटलांचं माप तेवढं द्या. दुसऱ्या कुणाकडं जाऊ?"

धाकोजीनं पाटलांच्या खुंटीकडं हात नेला, आणि शेजारची स्वतःची दोरी काढून तिला दिली. टोपी पाटलांच्या नाकावर येईल, शहर हसेल, आणि ही बया पुन्हा वेशीत दिसायची नाही. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

जत्रा आली. पाटलांनी घोड्यावरून डोकं खाली वाकवलं. धाकोजी काखेत पगडी घेऊन तयारच होता. साळूबाईनं गाठोड्यातून टोपी काढली, पाटलांना घातली, आणि ती चपखल बसली. धाकोजीचा चेहरा पडला.

मग तिनं दुसरी टोपी काढली आणि सरळ त्याच्यासमोर आली.

"दादा, दोरीवरच्या पाच गाठी बघितल्या तेव्हाच कळलं, हे पाटलांचं डोकं नव्हे, तुमचं. त्यांचं माप मी पाटलीणबाईंकडून आणलं. म्हटलं, दादांनाच टोपी हवी असेल, मागायला संकोच वाटला असेल. सगळ्या शहराची डोकी तुम्ही झाकता, तुम्हाला कोण शिवून देणार?"

तिनं टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. तंतोतंत बसली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर धाकोजीला सोपं गेलं असतं.

"संकोच नव्हता, साळू," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "जळत होतो मी तुझ्यावर. तुझं हसं व्हावं म्हणून दिली ती दोरी."

असं म्हणतात, बोलणं संपलं तसं डोकं उतरलं, आणि टोपी घसरून थेट नाकावर आली. सगळं शहर खो खो हसलं. टोपीच्या आत धाकोजीही हसत होता. त्याला काही दिसेना, म्हणून साळूबाईनं त्याचा हात धरला आणि दोघं घोड्याशेजारून चालत गेली.

ती टोपी अजून कोंढरपूरच्या देवळात आहे. दर चैत्रात मिरवणुकीआधी प्रत्येकानं ती घालून बघायची. नाकावर आली की लोक टाळ्या वाजवतात. नीट बसली, तर तुम्ही कुणावर जळता ते मोठ्यानं सांगायचं, ती घसरेपर्यंत. गोष्टी सांगणाऱ्यालाही सूट नाही. खालच्या आळीतल्या तात्याच्या गोष्टीला माझ्यापेक्षा जास्त माणसं बसतात, हे मागच्या साली मला चारचौघांत तीनदा सांगावं लागलं, तेव्हा कुठं ती खाली आली.