एका बाहीचं सुतक

"मग माझ्या सुतकाचीसुद्धा फॅशन करायची का त्यांनी, मदर?"

काउंटेस ओडील अजून टेकलीसुद्धा नव्हती. पॅरिसात या बाईने टोपीत कावळ्याचं पीस खोवलं, की आठवड्यात शहरातले कावळे बोडके व्हायचे. तिचं चित्र काढायला मिळावं म्हणून चित्रकार तिच्या दारी जोडे झिजवायचे. गुरुवारच्या तिच्या बैठकीचं बोलावणं चुकलं, तर भल्याभल्यांना घास गोड लागायचा नाही.

आज तोरा फाटकाबाहेर ठेवून ती मठात आली होती. निदान तिला तसं वाटत होतं.

मठाच्या प्रमुख, मदर आगात, स्वयंपाकासाठी सलगमाचे कंद सोलत होत्या. लहानपणी ओडीलला अक्षरं त्यांनीच शिकवलेली. आता नाकावर जाड भिंगांचा चष्मा. तो नसला तर सलगम कुठलं नि आपला अंगठा कुठला, हेही त्यांना कळत नसे.

"नीट सांग."

"लुसील गेली. सात वर्षांची पोर माझी. तिच्या उशाशी मी अंगातल्या झग्याची बाही टराटरा फाडली. आणि ती गेल्याला महिना झाला, त्या प्रार्थनेला चर्चमध्ये बघते तर... सगळ्या बायका एका बाहीच्या! फाटक्या कडेला लेस लावलेली!"

"अगं बाई!"

"एक भवानी मलाच विचारते, 'दोरे किती लोंबते ठेवायचे हो?' पोर मेलीय माझी! नको मला ती माणसं. मला मठात घ्या."

"घेईन की. पण तुझ्यामागून सगळं पॅरिस येईल. एवढे सलगम नाहीत माझ्याकडे."

ओडीलला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

सुरी चालत राहिली.

"कुठली बाही फाडलीस?"

"उजवी."

"तू उजव्या हाताची. लिहायला मीच शिकवलंय तुला. त्या हाताने डावी बाही फाडणं सोपं पडलं असतं."



मेलेल्याचं शेवटचं चित्र काढून घ्यायची तिकडे रीत होती. मदरना ती ठाऊक होती.

"चित्रकार कुठल्या बाजूला बसला होता?"

"उज..."

शब्द अर्धाच राहिला.  ओडील मटकन बाकावर बसली.

"म्हणजे मी... माझ्या लेकीच्या मढ्याशेजारी चित्रासाठी..."

डोळे भरून आले. आणि तिचं तिलाच दिसलं... आत्ताही मान खिडकीकडे वळली होती, चित्रकारापुढे वळायची तशी. उजेडाकडे. हनुवटी जराशी उचललेली.

कुणी बोलावलं नव्हतं मानेला. आपली आपण गेली होती.

ती जागच्या जागी गोठली. खाली बघावं तर तेही चित्रातल्यासारखंच वाटेल. तोंड झाकावं तर तेही. गालावरचा थेंब पुसायचीही तिला भीती वाटली.

"मला... रडतासुद्धा येत नाही, मदर."

मदरनी सुरी खाली ठेवली. नाकावरचा चष्मा काढला आणि सलगमाच्या पाण्यात टाकून दिला.

"आता मला तुझं तोंड दिसत नाही. रड."