बरणीवरचा काळा कागद

एकदा एक शिष्य तळ्याकाठी एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध विदुषीकडे प्राण्यांच्या ऊर्जेचे शास्त्र शिकत होता. त्याने एक प्रतिमान रचले होते. मासा जे खातो ते चार वाटांनी जाते: काही विष्ठेत, काही हालचालीत, काही नुसते जिवंत राहण्यात, आणि उरेल त्याने अंग भरते. या वाटा नीट कळल्या, की माशाचे वजन आधीच सांगता यावे.

पण ते सांगता येत नव्हते. जिवंत राहण्याचा आकडा त्याने तळ्यातल्या घोळक्यावरून काढला होता. पडताळ्यासाठी मात्र सहा बरण्यांत बोटभर चंदेरी मासे एकेकटे ठेवले आणि एकाने दुसऱ्याला पाहून बुजू नये म्हणून प्रत्येक बरणीला काळा कागद डकवला. दाणा तोलून द्यावा, विष्ठा गाळून तोलावी, पाण्यातला प्राणवायू किती घटला ते पाहावे. सूत्र म्हणे, मासा वाढेल. मासा रोडावत जाई, आणि प्राणवायू मात्र दीडपट ओढी. पुढच्या पौर्णिमेला विद्वानांची सभा होती. सूत्र जुळले नाही तर तीन वर्षे मातीत.

"बाई, पाचवी वाट घालतो," तो म्हणाला. "'इतर' म्हणून. मग जुळेल."

"इतर!" बाई कडाडल्या. "अज्ञानाला धोतर नेसवून सभेत बसवतोस होय रे?"

"मग काय करू? तराजू तीनदा तपासला."

"तराजूनं काय केलंय बिचाऱ्यानं? ऊठ, बाजूला हो."

आणि त्यांनी नखांनी काळे कागद ओरबाडायला सुरुवात केली. सहाही बरण्या उघड्या झाल्या. हात वर होताच त्यांच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरत होत्या.

"अहो बाई! तीन वर्षांची शिस्त माझी..."

"पाणी मिसळलं का मी? दाणा वाढवला? नाही ना? मग तोंड बंद आणि डोळे उघडे. मोज."

शिष्य धुमसत मोजत राहिला. प्रत्येक मासा शेजारच्या बरणीच्या अंगाला सरकून थांबला होता. आठव्या दिवशी प्राणवायू कमी लागला. विसाव्या दिवशी, दाणा तेवढाच असून, अंग भरू लागले. चारच वाटांत सूत्र जुळले.

"हे कसं झालं, बाई?"

"घोळक्यातला जीव तो. घोळक्यात एकाच दिशेला पाहिलं तरी भागतं, बाकीच्या दिशा सोबती बघतात. एकटा पडला की साऱ्या दिशा त्याच्याच. तो हलत नव्हता, म्हणून तुला वाटलं, निवांत आहे. अरे, तो पहाऱ्यावर उभा होता! नुसतं जिवंत राहणं किती जड, हे समोर कोण दिसतं त्यावर ठरतं."

शिष्याची नजर बाईंच्या सैल बांगड्यांकडे गेली.

"बाई, तुम्ही जेवता ना नीट?"

"दोन भाकऱ्या. तीस वर्षं त्याच दोन."

"मग हात असे..."

"मासे मोज म्हटलं होतं. मला मोजायला कोणी सांगितलं?" बाईंनी तोंड तळ्याकडे वळवले.

तीन वर्षे तो आपल्या खोलीत दार लावून जेवत आला होता. त्या दुपारी त्याने ताट उचलले आणि बाईंच्या ओसरीसमोर, अंगणापलीकडे पाट मांडला. बाईंनी जवळ बोलावले नाही. ऊठही म्हटले नाही. सभेच्या दिवसापर्यंत दोघे असेच जेवले.

मग तो सभेला गेला.

दुसऱ्या दुपारी बाईंनी ताट वाढून घेतले. अंगणापलीकडच्या रिकाम्या पाटाकडे त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. मग उठल्या, आणि सहाही बरण्या एकेक करून आणून ताटासमोर मांडल्या.

म्हाताऱ्या आईबापांना शक्तीच्या औषधाच्या बाटल्या धाडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: बाटली पोस्टाने येते, समोर बसणे येत नाही.