जांभळाचं वय

"पंधरा लिहायला तुमचं काय जातंय, बुवा?"

रंगराव शेळके हातातला कागद नाचवत मठाच्या ओसरीवर उभे होते. मठाचे अध्यक्ष ते. जोडे बाहेर काढायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

चेतनगिरबुवा सुपातल्या गव्हातले खडे वेचत होते. मान वर न करता म्हणाले, "कशाचे पंधरा?"

"माझ्या परसातल्या जांभळाचं वय! तोडायची परवानगी मिळतेय. पण नगरपालिकेचा तो झाडांचा साहेब म्हणतो, झाड जितक्या वर्षांचं, तितकी रोपं लावायची. लावायची आणि जगवून दाखवायची! त्या शहाण्यानं अंदाजानं साठ धरलेत. पोराचा दवाखाना बांधू, की साठ रोपांना पाणी घालत फिरू? गावातल्या जाणत्यानं वय लिहून दिलं तर चालेल म्हणाला."

"मग साठ लिहून देतो."

"बुवा!"

"थोडं जास्तच असेल. सत्तर लिहू?"

शेळक्यांचं डोकंच फिरलं.

"या मठावर पत्रे कुणी घातले? उत्सवाची पंगत कोण घालतं? एक आकडा मागतोय, तर..."

"आकडा खोटा आहे, रंगा."

"खोटा तर खोटा! झाड काय साक्षीला येणार आहे?"

बुवा पुन्हा खडे वेचू लागले.

चिडलेल्या माणसाला समोरच्याचं गप्प बसणं शिवीसारखं झोंबतं. शेळके आणखी भडकले.

"मी काही कालचा शिष्य नाही! तीस वर्षं झाली अनुग्रहाला. त्याच जांभळाखाली माळ घातलीत तुम्ही माझ्या गळ्यात. अख्खी आळी त्या सावलीत जेवली होती. विसरलात?"

"नाही विसरलो."

"मग त्याची तरी चाड ठेवा!"

बुवांनी सूप बाजूला सारलं. त्यांचाही चेहरा आता लाल झाला होता. त्यांनी शेळक्यांच्या हातून कागद ओढून घेतला, खिशातलं पेनही मागून घेतलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं. झाडाचं वय, वर्षे पंधरा. खाली सही केली.

शेळक्यांनी ते दोनदा वाचलं. घडी घालून कागद खिशात टाकला.

"एवढ्यासाठी किती तो घोळ!" म्हणाले आणि पायरीकडे वळले.

"थांब."

बुवांनी हात पुढे केला होता.

"गळ्यातली ती तीस वर्षांची माळ काढून दे."