दाराबाहेरचं गाणं

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या थोरांनो, तुमच्यासाठीही आहे. ख्रिस्ताच्या नावाने जमणाऱ्यांना तेव्हा ना चर्च होतं, ना घंटा. होती ती डोंगरातली एक गुहा आणि झुडपांआड लपवलेलं तिचं दार. राजाचे शिपाई त्यांच्या मागावर असत. दार उघडायचं काम एका म्हातारीकडे होतं. पान हललं तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं.

एके दिवशी दाराशी मीठ विकणारा एक जण आला. डोंगरापलीकडचा, बोली वेगळी, खाणंपिणं वेगळं.

"आजी, मला बाप्तिस्मा हवाय," तो म्हणाला.

त्या मंडळीची एक रीत होती. बाप्तिस्मा नदीत व्हायचा, आणि मंडळीतलं कुणीतरी शेजारी पाण्यात उभं राहून नव्या माणसाचा हात धरायचं. हा आमचा, याची हमी माझी, असा त्याचा अर्थ. हात धरणारा नसेल तर बाप्तिस्मा नाही.

या परक्याचा हात कोण धरणार?

"तो शिपायांच्या छावणीलाही मीठ पुरवतो. उद्या शिपायांनाच घेऊन आला तर?" एक जण म्हणाला.

"आधी आपल्यासारखं खायला-प्यायला तरी शिकू दे," दुसरा म्हणाला.

मंडळीचे पुढारी वाईट नव्हते हो, पण भित्रे होते आणि त्या भीतीलाच शहाणपण म्हणायचे. "पुढच्या सणाला बघू," ते म्हणाले. म्हातारीला वाटलं, आपणच हात धरावा. पण आपलं चुकलं तर लेकराबाळांचे जीव जातील, या धास्तीने तिची जीभ रेटेना.

परका रागावला नाही. दर रविवारी उजाडता उजाडता यायचा, मिठाची गोणी पायाशी ठेवून दाराबाहेर बसायचा आणि आतलं गाणं ऐकायचा.

एका रविवारी गाण्याच्या भरात आतले आवाज चढले. खालच्या वाटेवर शिपाई होते. पावलं वाजली तसं गाणं अर्ध्यावर तुटलं. आयांनी लेकरांच्या तोंडावर हात ठेवले. म्हातारीने दाराला कान लावला.

"कोण गात होतं रे?" शिपायांच्या नाईकाने दरडावून विचारलं.

"मी," परका म्हणाला.

"तू? आवाज तर पुष्कळ होते."

"डोंगरात घुमतो आवाज, सरकार."

"मग गा बघू."

तो गायला. म्हातारी दाराआडून ऐकत होती. उच्चार त्याच्या मुलखाचे होते, पण शब्द एकही चुकला नाही. ज्याला त्यांनी एक ओळही शिकवली नव्हती, त्याला अख्खं गाणं पाठ होतं.

"म्हणजे तू त्यांच्यातला?"

तो नाही म्हणाला असता तर ते खरंच ठरलं असतं, आणि तो सुटलाही असता. तो म्हणाला, "हो."

शिपायांनी त्याचे हात बांधले आणि त्याला घेऊन ते नदीकडे उतरले.

"वाचलो!" आत कुणीतरी पुटपुटलं. म्हातारीला त्या शब्दाची लाज वाटली. तिने घागर उचलली आणि अडसर काढला.

"अगं, तुला ओळखतील!" पुढारी म्हणाले.

"ओळखू देत, बाबा. त्याला ओळखायला आपणच उशीर केला."

शिपाई त्याला घेऊन नदी ओलांडत होते, तिथे तिने त्यांना गाठलं. ती तशीच पाण्यात शिरली आणि तिने त्याचा बांधलेला हात धरला. "हा आमचा आहे. याची हमी माझी," ती मोठ्याने म्हणाली. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेत तिने घागर नदीत बुडवून त्याच्या डोक्यावर रिती केली. परका रडत होता आणि हसतही होता. शिपायांनी तिलाही बांधलं.

दोघंही परत आली नाहीत.

तेव्हापासून दाराशी पुढारी स्वतः बसू लागले. कुणी दार वाजवलं की त्यांच्याही छातीत धस्स व्हायचं. भीती काही गेली नाही. पण ते आधी अडसर काढायचे आणि मग नाव विचारायचे.

दाराशी आलेला आपला की परका, हे ठरवत बसू नये. तोवर तो आपल्यासाठी जीव देऊन गेलेला असतो.