पानोळीचा बिनतेलाचा रहाट

पानोळीत जेव्हा नळ नव्हता, पंप नव्हता आणि फादर पायी फिरत, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची असेल तर नीट ऐका. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात चॉकलेट सोडलं म्हणून मिरवणाऱ्यांनी तर जरूर ऐका.

पानोळी वसईच्या बाजूचं, समुद्राजवळचं गाव. गावात पानवेलीचे मळे. पानवेल म्हणजे खायच्या पानाची वेल. तिला तान्ह्या पोरासारखं रोज पाजावं लागतं. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं की पान पिवळं पडतं. आठवडाभर चुकलं की वेल जाते. वेल गेली की घर बसतं.

या गावात बस्त्याव नावाचा माणूस होता. अंगाने दणकट, तोंडाने फाटका. त्याच्या मळ्याला लागून त्याचा चुलतभाऊ जाकू याचा मळा. दोन मळ्यांत मिळून एक विहीर आणि विहिरीवर एक रहाट. बैल गोल फिरायचा, रहाट कुरकुरायचा, माळेतली गाडगी भरून वर यायची आणि पाणी पाटात पडायचं. सकाळी बस्त्यावची पाळी, दुपारनंतर जाकूची. त्या रहाटाची कुरकुर अशी होती की देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसलेल्या माणसालाही पाळी कळायची, असं म्हणतात.

दोघं भाऊ लहानपणापासून एका ताटात जेवलेले. पण पुढे बोलणं तुटलं. कारण असं झालं.

बस्त्यावची बायको फिलू तापाने गेली. ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी मातीला सगळा गाव कबरस्तानात जमला. जाकू तेवढा आला नाही. फादरांनी प्रार्थना सुरू केली, सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत रहाटाची कुरकुर ऐकू आली. पाळी बस्त्यावची होती. बस्त्याव बायकोच्या खड्ड्यापाशी उभा, आणि जाकू त्याची पाळी चोरून पाणी ओढतोय! माती टाकून होईपर्यंत तो आवाज थांबला नाही.

 त्या दिवसापासून बस्त्याव जाकूशी एक शब्दही बोलला नाही. जाकूही बोलला नाही. एकाच विहिरीवर दोघं यायचे आणि एकमेकांकडे पाठ करून जायचे. बायकांनी समजावलं, पंचांनी समजावलं. भिंतीशी बोललेलं बरं.

अशी बरीच वर्षं गेली. एका वर्षी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून बस्त्याव फादर मानुएल यांच्यापुढे उभा राहिला.

"फादर, यंदा ईस्टरचा मिस्सा फिलूच्या नावाने करा. रोज स्वप्नात येते. काही बोलत नाही, नुसती बघते."

"करतो. सगळा गाव देवळात तिच्यासाठी प्रार्थना करेल," फादर म्हणाले. "उपवासकाळ काय पाळणार आहेस?"

"मटण सोडतो. ताजी मासळी सोडतो."

"फिलू गेल्यापासून तू पेज आणि सुका बोंबील खातोस. त्यात सोडणार काय? बोंबलाचं डोकं?"

बस्त्याव डोकं खाजवू लागला.

"रोज एका घरी जायचं," फादर म्हणाले. "तिथे एक चांगलं काम करायचं. रोज घर वेगळं. कुणी आभार मानायच्या आत निघायचं. आभार घेतलेस तर ते काम जमेत नाही, दुसरं करायचं. एकही घर गाळायचं नाही. गाळलंस तर मिस्सा नाही."

"एकही?"

"एकही."

बस्त्यावला कळायचं ते कळलं. तो पाय आपटत घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून पानोळीवर जणू संकटच आलं. बस्त्याव भल्या सकाळी कुणाच्याही दारात उभा राहायचा आणि ओरडायचा, "काय काम आहे ते सांगा लवकर! मला वेळ नाही!" बाळंतिणीला पाणी भरून दिलं आणि जाताना बाळाला दटावलं, "रडतोस कशाला? आईला झोपू दे." आंधळ्या कैतानला देवळात नेलं. वाटभर त्याला सांगितलं की तू डोळस असतास तरी ठेचच खाल्ली असतीस. कैतान हसत होता. बऱ्याच दिवसांत त्याच्याशी कुणी एवढं बोललं नव्हतं.

गावात आभार मानायचे तर 'देव बरं करो' म्हणतात. ते शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून बस्त्याव काम संपताच कानावर हात ठेवून पळायचा. ही गोष्ट म्हातारी नातालबाय हिने बरोबर हेरली. बस्त्यावने तिचं कुंपण बांधलं आणि तो वळला, तशी ती दारात आडवी उभी राहिली.

"बस्त्याव, देव तुझं बरं करो!"

"म्हातारे, गप! आता हे जमेत नाही!"

"नाही का? अरे देवा! मग तेवढा गोठा झाडून टाक."

गोठा झाडून झाला. ती पुन्हा म्हणाली, "देव बरं करो हो!" मग छपराची गळकी कौलं फिरवून झाली. मग सुकं लाकूड फोडून झालं. शेवटी बस्त्यावने कुऱ्हाड खाली टाकली आणि हात जोडले. "नातालबाय, पाया पडतो. मला शिवी दे."

नातालबायने त्याला अशी शिवी हासडली की तो आनंदाने घरी गेला.

त्याने बांधलेल्या कुंपणाच्या सुक्या काठ्यांना चार दिवसांत पालवी फुटली, असं म्हणतात. काठ्या पांगाऱ्याच्या होत्या. पांगारा फुटतोच. पण पानोळीच्या लोकांना हे सांगून बघा, तुमच्याच अंगावर येतील.

होता होता गावातली घरं संपत आली. बस्त्याव प्रत्येक घरी गेला, जाकूचं घर सोडून. रोज त्या दारापर्यंत जायचा, थुंकायचा आणि पुढच्या घरी वळायचा.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आठवडाभर आधी, जाकू पाटावरून घसरला. पाय सुजून भोपळ्याएवढा झाला. त्याचा बैल आदल्याच महिन्यात मेला होता, तेव्हापासून तो स्वतःच रहाट ओढत होता. मुलंबाळं नव्हती, बायको रुजाय एकटी. शेजारी मदतीला आले तर जाकूने त्यांना हाकललं. "माझ्या मळ्याला माझं पाणी! मला कुणाचे उपकार नकोत!" हासुद्धा त्याच घराण्यातला. सोमवारी वेली माना टाकू लागल्या. बुधवारी पानं पिवळी पडली. गुरुवारी रुजाय बांधावर बसून रडली. शुक्रवारचं ऊन लागलं की मळा गेला, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

गुड फ्रायडे उजाडला. त्या दिवशी पानोळीत कुणी बैल जुंपत नाही, घंटा वाजत नाही, चूल पेटत नाही. दुपारी सगळा गाव देवळात गेला. जाकूही काठी टेकत गेला आणि शेवटच्या बाकावर पाय पसरून बसला. बस्त्याव तेवढा आला नाही.

फादर गुडघ्यावर बसले. प्रभूने प्राण सोडला ती घटका. देवळात सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत रहाट कुरकुरला.

 आज? या घटकेला? कुणी बैल जुंपला? पुरुष तावातावाने उठले. फादरांनी हात वर केला, पण ते बोलायच्या आत जाकूची काठी टकटकत दाराबाहेर गेली. पाळी जाकूची होती. त्याच्या पाळीचं पाणी कुणीतरी ओढत होतं.

सगळा गाव त्याच्या मागे विहिरीवर आला. पाहतात तर बैल नाहीच. बैलाच्या जागी बस्त्याव. खांद्यावर रहाटाचं लाकूड, अंगातून घामाच्या धारा, आणि तोंडाने अखंड शिव्या. विहिरीला, उन्हाला, रहाटाला, जाकूला. पाणी पाटातून धावत होतं, आणि पाट जाकूच्या मळ्यात उघडलेला होता.

जाकू बांधावर उभा राहिला. 

"कुणी सांगितलं होतं तुला?" तो म्हणाला. इतक्या वर्षांतले हे पहिले शब्द.

"तू गप," बस्त्याव धापा टाकत म्हणाला. "फिलूच्या मिस्सासाठी करतोय. तुझ्यासाठी नाही. आणि आभार मानू नकोस, नाहीतर पुन्हा करावं लागेल."

"मी कशाला मानू? तू मानलेस का कधी?"

"कशाचे?"

"कशाचे विचारतोय गाढव! फिलूच्या मातीच्या दिवशी तुझा मळा कुणी भिजवला? देवदूताने? ती आजारी पडली तसा तू मळ्यात फिरकला नव्हतास. वेली मरायला टेकल्या होत्या. तिने स्वतःच्या हाताने लावलेल्या! मी काय करायला हवं होतं? मातीला येऊन रडायचं आणि तिच्या वेलीही मरू द्यायच्या?"

बस्त्याव जागच्या जागी उभा राहिला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

 बस्त्यावला आता आठवलं. मातीहून परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्यात गेला होता तेव्हा वेली हिरव्यागार होत्या, पायाखाली ओल होती. इतकी वर्षं पानवेल लावणारा माणूस, आणि पायाखालची ओल त्याला दिसली नाही. कानात नुसती कुरकुर भरली होती.

तो खाली बसला आणि पोरासारखा रडला. जाकू त्याच्याजवळ गेला आणि चिडून म्हणाला, "सरक तिकडे. पाणी थांबवलंस ना!" सुजल्या पायाने त्याने लाकडाला खांदा लावायला हात पुढे केला. पण लाकूड त्याच्या हाताला लागलंच नाही. ते पुढे गेलं होतं. बस्त्याव खाली बसलेला, जाकू रिकाम्या हाताने उभा, आणि रहाट आपला आपण फिरतोय! कुरकुर नाही, आवाज नाही. गाडगी भरून वर येत होती, रिकामी होऊन खाली जात होती. जाकूचा मळा भरला, मग पाणी बस्त्यावच्या मळ्यात वळलं, तोही भरला. तेव्हा कुठे रहाट थांबला, असं म्हणतात. ती विहीर त्यानंतर कधी आटली नाही, असंही म्हणतात. नातालबायने तिथल्या तिथे ओरडून सांगितलं की हे देवाचं काम आहे, आणि देवाचे आभार मानायला काही हरकत नाही.

ईस्टरचा मिस्सा फिलूच्या नावाने झाला. दोघं भाऊ एका बाकावर बसले आणि गाणं कोण बेसूर गातो यावरून मिस्साभर कुजबुजत भांडले. त्या रात्री फिलू स्वप्नात आली ती हसत आली, असं बस्त्याव मरेपर्यंत सांगायचा.

आता मळे थोडे उरलेत. पंप आलेत. पण तो रहाट आहे. गुड फ्रायडेच्या दुपारी घराघरातला एकेक माणूस येतो, लाकडाला खांदा लावतो, एक फेरा मारतो. पाणी स्वतःच्या मळ्यात घ्यायचं नाही, शेजाऱ्याच्या मळ्यात सोडायचं. ज्याच्या मळ्यात पाणी जातं त्याने बांधावर उभं राहून विचारायचं, "कुणी सांगितलं होतं तुला?" फेरा मारणाऱ्याने म्हणायचं, "तू गप." तीच आमची प्रार्थना. उपवासकाळभर रोज एक काम करायचं आणि आभार ऐकायच्या आत निघायचं, हीही रीत आहे. हल्लीची पोरं काम करतात आणि फोटो काढायला थांबतात. त्यांना नातालबायसारखी कुणीतरी भेटायला हवी.

त्या रहाटाला तेल घालत नाहीत. मध्ये एका शहाण्याने घातलं होतं. सगळ्या गावाने त्याला धारेवर धरलं आणि त्याच्याकडूनच ते राखेने घासून पुसून घेतलं. कुरकुर ऐकू यायलाच हवी.

आणि पानोळीत आजही दोन माणसं हमरीतुमरीवर आली, की तिसरा मध्ये पडत नाही, समजावत नाही. बाजूला उभा राहून एवढंच विचारतो, "आधी बघून या, पाणी कुणाच्या मळ्यात चाललंय?"